झाकण उघडताना

१९६६ सालचा मार्च आहे आणि तुम्ही बेसा गावाच्या शिवेवर उभे आहात. नागपूर इथून बरंच लांब वाटतं. गहू-हरभरा निघून गेलाय, वावरं मोकळी झाली आहेत, धुऱ्यावरचा पळस भरून फुललाय. तुमच्या ओळखीच्या इमारतींच्या जागी काळी ढेकळं आहेत आणि त्यांवर दीडेकशे मेंढरं बसली आहेत. वावराच्या मालकानं ती खतासाठी बसवली आहेत. रात्रभराच्या लेंड्या-मुताच्या बदल्यात धनगराला ज्वारी मिळणार, असा जुना व्यवहार आहे.

एरवी सकाळच्या या वेळेला मेंढरं चरायला निघालेली असतात. आज ती अडवून धरली आहेत. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची लोकर कातरली, त्यामुळे कातडी उघडी पडली आहे आणि तिच्यावरचे खरजेचे चट्टे लांबूनही दिसतात. कानांच्या मागे गोचीड चिकटलेत. एक मेंढी बाभळीच्या खोडाला अंग घासते आहे, ती थांबायचं नाव घेत नाही. ज्याच्या घरी मेंढरू नाही त्याला खरूज किरकोळ वाटेल. पण खाजेपायी मेंढी चरायची थांबते, लोकर झडते, अंग आटत जातं, आणि एकीची खरूज बघता बघता सगळ्या कळपाची होते. धनगराच्या लेखी हे घर पडण्यासारखंच आहे.

विहिरीपासून दहा पावलांवर एक लोखंडी ड्रम आडवा कापून ठेवलाय. त्याच्याजवळ उकिडवा बसलेला माणूस घमेल्यात भुरकट पावडर ओततो. कोणी तिला डीडीटी म्हणतं, पण ही बीएचसी आहे, तिच्या कुबट वासावरून ओळखू येते. तो घमेल्यात तांब्याभर पाणी टाकतो आणि उजवा हात कोपरापर्यंत घालून पावडर कालवू लागतो. गुठळ्या बोटांनी फोडतो. कडेला लागलेलं तळव्यानं निपटून घेतो. मग तोच हात धोतराला पुसून विडी काढतो.

"हात जळत नाही का जी?" तुम्ही विचारता.

"काऊन जळंल? पावडर तं आहे."

तो अडाणी आहे असं समजू नका. मेंढरं कशी बुडवायची हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि तुम्ही विचारलंत म्हणून तो ते सांगतोही. "आधी मेंढरायले पोटभर पाणी पाजाचं, नाहीतं हौदातलं पेते. ज्याले जखम आहे त्याले नाही बुडवाचं. मोठी आधी, कोकरं मंग. सकाळी कराचं, ऊन पाहिजे. अभाळ आलं का बंद. डोकं एक डाव बुडवाचं, पण नाकात पाणी जाऊ द्याचं नाही." यातला एकेक शब्द बरोबर आहे. पशुवैद्यकीय पुस्तकांतही हेच सांगितलेलं असतं. सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झालंय, तिथला विद्यार्थीही परीक्षेत हेच लिहील.

त्यानं सांगितलेलं पुन्हा एकदा आठवून बघा. पाणी मेंढीला पाजायचं, जखम मेंढीची बघायची, नाक मेंढीचं जपायचं. कालवणाऱ्या हातासाठी त्यात एकही ओळ नाही. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला इथं आणलंय, आणि ती कुठून आली ते बघायला आणखी मागं नेणार आहे.

एकशे चौदा वर्षं मागं. १८५२. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यातलं बर्कहॅमस्टेड गाव. विल्यम कूपर नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं आर्सेनिक आणि गंधक एकत्र करून एक पावडर बाजारात आणली आहे. पाण्यात विरघळवा, हौद भरा, मेंढ्या त्यातून काढा. त्याआधी मेंढपाळ एकेका मेंढीची लोकर बोटभर बाजूला करून कातडीवर डांबर आणि लोणी चोळत बसायचे, त्यात दिवसच्या दिवस जायचे. हौदानं ते काम तासांवर आणलं. तेव्हा कूपरची पावडर ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिनापर्यंत गेली यात नवल नाही. जिथं मेंढी तिथं हौद आला. न्यूझीलंडमध्ये अशा जुन्या हौदांच्या हजारो जागा आहेत, आणि आर्सेनिक नासत नसल्यामुळे तिथल्या मातीत ते अजून सापडतं. हौद रिकामा करायचा तर बाजूच्या उतारावर, ही तेव्हाची रीत. त्या उतारावर नंतर कोणाची घरं होतील, कोणाची परसबाग होईल, याचा विचार करायला कोणाला सांगितलंच नव्हतं.

तिथं फार थांबण्यासारखं नाही, पुढं या.

१९५८, केरळ. जहाजातून येताना पॅराथिऑन हे पिकावरचं विष पिठा-साखरेच्या मालावर सांडलं आणि ते पीठ, ती साखर लोकांच्या पोटात गेली. शंभराहून अधिक माणसं गेली. चौकशी आयोग बसला, आणि त्यातून दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. १९७१ मध्ये त्याचे नियम आले. डब्यावरची ती रंगीत चौकट या नियमांतली. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हाताळणाऱ्यानं अंगावर काय घालायचं, नाकातोंडावर काय लावायचं, उरलेलं औषध आणि रिकामी डबी यांचं काय करायचं, हे सगळं त्याच नियमांत लिहिलंय. बेशाच्या विहिरीजवळ उकिडव्या बसलेल्या माणसाच्या हाताची दखल कागदावर पहिल्यांदा घेतली गेली ती अशी, पाच वर्षं उशिरा. आणि त्याच्या घमेल्यातल्या बीएचसीवर भारतात बंदी यायला १९९७ उजाडलं.

आता १९८९ मध्ये उतरा, पुन्हा इंग्लंडात. इथं जरा वेळ काढायचाय.

ब्रिटनमध्ये मेंढीची खरूज १९५२ मध्ये संपली असं जाहीर झालं होतं. १९७३ मध्ये ती परत आली. सरकारनं १९७६ पासून सक्ती केली की प्रत्येक मेंढी औषधाच्या हौदातून काढलीच पाहिजे, काही वर्षं तर वर्षातून दोनदा. औषध होतं ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं, डायझिनॉनसारखं. तुम्ही शेताच्या कडेला उभे आहात. सिमेंटचा खोल, अरुंद हौद आहे. मेंढ्या एकामागून एक ढकलल्या जातात, प्रत्येक मेंढी मिनिटभर तरी पाण्यात राहिली पाहिजे असा दंडक आहे. शेतकरी लांब काठीनं तिचं डोकं दाबतो. भिजलेली मेंढी उतरणीवर चढते आणि अंग झाडते, त्याचा फवारा शेतकऱ्याच्या तोंडावर, गळ्यावर, बाह्यांवर येतो. दिवसाअखेर त्याचं डोकं जड होतं, अंग मोडून येतं. इथले लोक त्याला हौदाचा ताप म्हणतात, दोन दिवसांत उतरतो म्हणतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हौदाशी उभे राहतात. कायदाच तसा आहे.

ऑरगॅनोफॉस्फेट काय करतं हे इथंच समजून घ्या, कारण पुढे ते आपल्या दारात भेटणार आहे. एका नसेचा निरोप दुसरीला किंवा स्नायूला पोचला की तो निरोप पुसून टाकणारं एक विकर शरीरात असतं, कोलिनेस्टरेज. हे औषध त्यालाच बांधून टाकतं. निरोप पुसला जात नाही, नसा थांबत नाहीत. घाम, लाळ, उलटी सुरू होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरल्यासारखं होतं. गोचीड मरतो तो याच कारणानं. औषधाला गोचीड आणि माणूस यांतला फरक कळत नाही, फरक फक्त किती आत गेलं याचा. आणि ते आत जायला तोंडच लागतं असं नाही, शाबूत कातडीतूनही जातं.

याच साली काउंटेस ऑफ मार, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य आणि स्वतः मेंढ्या पाळणाऱ्या बाई, यांच्या पायावर मेंढ्या बुडवताना औषध उडालं. त्या आजारी पडल्या, आजार लांबला, आणि त्यांनी पुढची कित्येक वर्षं संसदेत हा एकच प्रश्न लावून धरला. एका लॉर्डाच्या पायावर थेंब पडला म्हणून प्रश्नाला वाचा फुटली, याचं वाईट वाटतं तसं बरंही वाटतं. असंख्य साध्या शेतकऱ्यांनी हीच तक्रार आधी केली होती आणि त्यांना फ्लू झालाय असं सांगून घरी पाठवलं गेलं होतं.

पुढं कळलेली गोष्ट जास्त बोचणारी आहे. तिथल्याच आरोग्य-सुरक्षा खात्याच्या १९८१ च्या पत्रकात लिहिलेलं होतं की थोडंथोडं औषध पुन्हा पुन्हा शरीरात गेलं तर त्याचा परिणाम साठत जातो. म्हणजे एका सरकारी हाताला हे माहीत होतं, आणि दुसरा सरकारी हात त्याच वेळी शेतकऱ्याला हौदाशी उभं राहायची सक्ती करत होता. सक्ती १९९२ मध्ये उठली. १९९५ पासून प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय हे औषध विकत घेता येईना.

मग १९९९ मध्ये एडिनबराच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं धोका नेमका कुठं आहे ते शोधून काढलं. सगळ्यांचं लक्ष हौदाकडे होतं, उडणाऱ्या पाण्याकडे. संशोधकांना आढळलं की खरा धोका त्याआधीच असतो. डब्याचं झाकण उघडताना, घट्ट औषध मापात ओतताना, हौदात पुन्हा भर घालताना. हौदातलं पाणी म्हणजे शेकडोपट पातळ केलेलं औषध, आणि डब्यातलं ते पातळ न केलेलं. बोटावर पडलेला डब्यातला एक थेंब हौदातल्या पाण्याच्या शेकडो थेंबांना भारी पडू शकतो. त्याच वर्षअखेर सरकारनं ही औषधं बाजारातून काढून घेतली, आणि कंपन्यांनी हात न लागता औषध हौदात जाईल असे डबे केल्यावरच ती परत आली. शेतकऱ्याला नुसतं सावध राहा असं सांगून न थांबता त्यांनी डबाच बदलायला लावला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात शहाणी वाटते.

इथून थेट २०१७ चा ऑक्टोबर. नागपूरहून दीडशे किलोमीटरवर यवतमाळ. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात तुम्ही आलात तेव्हा खाटा भरलेल्या आहेत. मेंढ्यांचा इथं काही संबंध नाही, हे कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर आहेत. पण तुम्ही नुकतीच वाचलेली सगळी लक्षणं समोर आहेत. कोणाला दिसेनासं झालंय, कोणी हातपाय झाडतो म्हणून पलंगाला बांधलाय. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण गेले आणि शेकडो दवाखान्यात आले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, दमट उकाडा होता, बॅटरीवरचे पंप बारीक आणि जोरदार फवारा सोडत होते. मजुराला पंपामागे पैसे मिळतात, म्हणून दिवसाला जितके पंप होतील तितके तो मारतो. आणि पंप भरताना, दोन-तीन औषधं एकत्र ओतून काडीनं ढवळताना, हात उघडा.

विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, पुढच्या हंगामापासून मोजे, चष्मे, मास्क वाटले गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं ज्या औषधांवर बंदी घातली त्यांत मिथाइल पॅराथिऑन होतं आणि डायझिनॉनही. केरळचं पीठ आणि इंग्लंडचा हौद या दोन्हींशी नातं सांगणारी ही नावं एकाच यादीत आली. मजुराच्या बाजूनं विचार केला तर मात्र अजून एक राहून जातं. डब्यातल्या घडीपत्रकावरची अक्षरं इतकी बारीक असतात की चांगली नजर असलेला माणूसही ती उन्हात वाचू शकत नाही, आणि तो मजूर तर डबा बघतच नाही. त्याच्यापर्यंत औषध पोचतं ते मालकानं आधीच फोडलेल्या बाटलीतून.

आता आज. बेशाची गावरान शीव संपून आता बेसा-पिपळा नगरपंचायत झाली आहे. घोगलीकडे, बाहेरच्या रिंग रोडकडे गेलात की प्लॉटच्या खुंट्या आणि तुरीची वावरं आलटूनपालटून लागतात. अशाच एका मोकळ्या पडलेल्या तुकड्यावर मेंढरं बसली आहेत, बाजूला सामान वाहणारं तट्टू चरतंय. कातरणी होऊन पंधरवडा उलटलाय. इथं लोखंडी ड्रमऐवजी प्लास्टिकची निळी टाकी अर्धी कापून ठेवलीय.

"दवाई कोणती आणली दादा?"

तो पिशवीतून बाटली काढतो. सायपरमेथ्रिन, कृषी केंद्रातून आणलेलं, कपाशीचं. मेंढराचं औषध महाग पडतं आणि जनावरांच्या दवाखान्यात जायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून हे. या बाटलीवर मेंढीचं माप नाही, कारण ती मेंढीसाठी बनलेलीच नाही. तुम्ही त्याला ती परत पिशवीत ठेवायला लावता आणि १९६२ वर फोन लावता. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा हा क्रमांक त्याला पाठ नाही. दवाखान्याची गाडी येते. डॉक्टर मॅडम दोन बाटल्या दाखवतात, एक अमिट्राझची, एक डेल्टामेथ्रिनची, आणि तट्टाकडे बघून पहिली परत ठेवतात. अमिट्राझ घोड्याला चालत नाही, त्याची आतडी थांबतात. हे त्याला कधीच कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याच्या कळपात पिढ्यान्‌पिढ्या तट्टू आहे.

आता काम त्याचंच, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. विडी पिशवीत. पाण्याची बाटली आणि भाकरीची शिदोरी दूर झाडाखाली. पोरं त्याहून दूर. मग रबरी हातमोजे, कोपराकडे पोचणारे, आणि ते भोकं नसलेले आहेत का हे फुंकून नाही, पाणी भरून बघायचं. पायात गमबूट, आणि पायजमा बुटात खोचायचा नाही, बुटावरून बाहेर सोडायचा, म्हणजे ओघळलेलं पाणी बुटात उतरत नाही. पुढं प्लास्टिकचा मोठा एप्रन. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. एवढं सगळं झाल्यावर झाकण.

तो सवयीनं बाटली दाताकडे नेतो, तुम्ही त्याच्या मनगटावर हात ठेवता. "आयुष्यभर असंच खोललं जी," तो म्हणतो. खोललं असेल. डेल्टामेथ्रिन ऑरगॅनोफॉस्फेटपेक्षा माणसाला सौम्य आहे, कातडीवर मुंग्या आणतं, चेहरा बधिर करतं. पण त्यावर उतारा असा नाही. ऑरगॅनोफॉस्फेटवर निदान ॲट्रोपिन तरी आहे. तो मोज्याच्या हातानं झाकण फिरवतो, मापानं औषध घेतो, टाकीत आधी पाणी आणि मग औषध, आणि काठीनं ढवळतो. हात पाण्याबाहेर.

मेंढरं बुडवायची रीत त्याला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. पाणी पाजून झालंय, जखमांच्या वेगळ्या काढल्यात, कोकरं शेवटी. एक मेंढी बाहेर येऊन अंग झाडते तेव्हा तो स्वतःहून दोन पावलं मागं सरकतो. डॉक्टर मॅडम सांगतात की इतक्या दिवसांत यातलं जनावर खाटकाला विकायचं नाही आणि त्याचं दूध वापरायचं नाही, दिवस बाटलीवर लिहिलेत. कोणाला मळमळ झाली, डोकं फिरलं तर कपडे काढून साबणपाण्यानं अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि दवाखान्यात बाटली बरोबर न्यायची, कारण डॉक्टरला नाव कळल्याशिवाय इलाज ठरत नाही.

उरलेल्या पाण्याचा प्रश्न तोच काढतो. टाकीत गढूळ पिवळट पाणी उरलंय. पोहरा नदी इथून फार लांब नाही, आणि वाटेतला नाला तिलाच मिळतो. डेल्टामेथ्रिन मासे आणि पाण्यातले किडे यांना फार थोड्या मात्रेत मारतं. मधमाशांनाही. म्हणून नाला नाही, विहिरीची बाजू नाही, रस्त्याचं गटारही नाही. विहिरीपासून लांब, उंचवट्यावरच्या पडीक मातीत, जिथं मेंढरं चरणार नाहीत आणि पावसाचं पाणी वाहणार नाही, तिथं ते पसरून ओतायचं. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणीही तिथंच, मग बाटलीला भोकं पाडून वस्तीपासून दूर पुरायची. तिच्यात गोडं तेल भरून ठेवायचं नाही. मोजे हातात असतानाच धुवायचे, मग काढायचे.

खरजेच्या किड्यांची अंडी या औषधानं मरत नाहीत, म्हणून बारा-चौदा दिवसांनी पुन्हा बुडवायचंय. तोवर कळप उमरेडच्या बाजूला गेलेला असेल आणि तिथं डॉक्टर नसतील. त्याला वाचता येत नाही, त्याच्या बायकोला थोडं येतं. तो खिशातून फोन काढून पुढं करतो. "माप तुमच्या आवाजात भरून द्या जी. ह्या बादलीचं."

ही बादली किती लिटरची, तुम्ही विचारता. ते त्याला माहीत नाही, बादलीवर लिहिलेलंही नाही, आणि इतकी वर्षं सगळं माप याच बादलीनं होत आलंय. तुम्ही झाडाखालून स्वच्छ पाण्याची लिटरची बाटली आणता. त्याची बायको बादली धरते, तो मोजायला लागतो, आणि चौदाव्या बाटलीला पाणी कडीपर्यंत येतं.